चालत्या गाडीला पाना

आमच्या घरी उपास घडायचा तो एकादशीमुळं नाही, मालकाच्या जीपमुळं. माझे वडील, आबा, दुसऱ्याची काळीपिवळी चालवायचे. धावड्याहून भोकरदनला सीटा भरून न्यायच्या, तिकडून भरून आणायच्या, दिवस मावळेपर्यंत हेच. जीप फिरली त्या दिवसाची मजुरी मिळायची. जीप उभी राहिली की आबाही उभे. चाकाला पगार होता, माणसाला नव्हता, असं मी पुढं शिकल्यावर म्हणायला लागले. तेव्हा एवढंच कळायचं की आबा भर दुपारी ओट्यावर दिसले म्हणजे संध्याकाळी चूल उशिरा पेटणार.

जीपच्या मालकाचा एक नियम होता. चालत्या गाडीला पाना लावायचा नाही. ऑइल काळं डांबर झालं तरी चालू द्या, ब्रेक दोनदा दाबल्यावर लागतोय ना, मग चालू द्या. गाडी रस्त्यात मरेपर्यंत हाकायची आणि मेल्यावर मिस्त्रीला बोलवायचं. मेलेल्या गाडीला जिवंत करायला वेळ लागतो, पण तो वेळ मालकाच्या घरी कधी जाणवला नाही. त्याच्याकडं शेती होती, दुकान होतं. आमच्याकडं आबा होते आणि आबांकडं त्याची जीप होती.

आबांना इंजिनाचा आवाज कळायचा. कुठं काय ढिलं झालंय, काय घासतंय, हे त्यांना बसल्याजागी समजायचं. पण ते बोलायचे नाहीत. बोललं की जीप गॅरेजात आणि आपण घरी. म्हणून मालक कधी शेजारी येऊन बसला की आबा टेपचा आवाज वाढवायचे. खालून इंजिन ओरडतंय, वर गाणं चाललंय, आणि मालक मांडीवर ताल धरून बसलाय. हे मी मागच्या सीटवरून पाहिलेलं आहे.

एका वर्षी पोळ्याच्या सुमाराला ते इंजिन चढावर जाम झालं. दिवाळी उलटली तरी जीप तिथल्या एका शेडमध्ये तशीच. माय दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला जायची. बोंडाच्या टोकांनी तिच्या नखांच्या कडा चिरलेल्या असायच्या आणि त्याच हातांनी ती तिखट कालवायची. त्या दिवाळीला शेजारच्या काकूनं आपलं तळण झाल्यावर उरलेलं तेल वाटीत घालून दिलं, त्यात मायनं आमच्यापुरत्या शेवा काढल्या. मी तेव्हा भोकरदनला कॉलेजला जात होते. आबांच्या ओळखीचे बाकीचे ड्रायव्हर मला फुकट न्यायचे, पण पैसेवालं माणूस आलं की म्हणायचे, "बाई, सरक जरा." सरकत सरकत मी स्टेपनीवर येऊन बसायची. पुस्तकं मांडीवर, पाय कुणाच्या तरी पोत्यावर.

तशीच मी पदवीधर झाले. आमच्या घरात, आजोळच्या सगळ्या गोतावळ्यात, पहिली. हे मी मिरवून सांगते. माझ्याआधी सांगायला कोणी नव्हतं, आणि मी सांगितलं नाही तर कोणी सांगणारही नाही. मग एम.एस्सी., बी.एड., आणि जाफराबादच्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायची नोकरी.

गाडी घेतली ती आमच्या कॉलेजातल्या एका सरांची. त्यांची बदली झाली होती. डिझेल गाडी, रंग जरा उडालेला, बाकी ठणठणीत. चावी देताना सर म्हणाले, "मॅडम, एक सांगून ठेवतो. टायमिंग बेल्ट मूळचाच आहे. बदलायला झालाय. टाळू नका, तुटला तर इंजिन जाईल." मी तेव्हा मान हलवली आणि लवकरच करायचं ठरवलं.

गाडी धावड्याला आणली तेव्हा आबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला आणि ड्रायव्हरची सीट स्वतःला लागेल तशी मागं सरकवली. तेव्हापासून ती सीट कोणी हलवली नाही. मी आठवडाभर जाफराबादला खोली करून राहायची, गाडी धावड्याला आबांजवळ. मला ते आवडायचं. माझ्या बापानं आयुष्यात पहिल्यांदा घरची गाडी चालवायला घेतली होती.

मग माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की बाळ पायाळू आहे. सिझरची तारीख दिली, पण बजावलं, "त्याच्या आधी कळा आल्या तर घरी वाट बघत बसायचं नाही. पहिली कळ आली की निघायचं. वाटेत थांबायचं नाही." जालन्यात आमचं कोणी नाही, आणि बाळंतपण होईपर्यंत पोरगी माझ्या नजरेसमोर राहील, यावर माय ठाम. ॲम्ब्युलन्स येते, पण ती एकट्या आमच्यासाठी उभी नसते. म्हणजे धावडा ते जालना या सगळ्या रस्त्यावर माझ्या बहिणीचा आणि तिच्या बाळाचा भरवसा त्या गाडीवर होता. आणि त्या गाडीचा भरवसा एका जुन्या रबरी पट्ट्यावर.

मी आबांना म्हणाले, "टायमिंग बेल्ट बदलून आणा."

"तुटला का?"

"न्हाई."

"मंग?"

"तुटायच्या आधी बदलायचाय."

आबा हसले. "म्हंजे मरायच्या आधी तेरवी."

माय पदर तोंडाला लावून हसली. धाकटी पण हसली. मी हसले नाही.

"आबा, इंजन जाईन."

"पट्टा तुटल्यानं इंजन जात न्हाई, बाई. मी ट्यूबचा तुकडा बांधून भोकरदनहून गाडी आणल्याली हाय. सीटांसकट."

ते फॅनबेल्टबद्दल, बाहेरून पंखा फिरवणाऱ्या पट्ट्याबद्दल, बोलत होते. काळीपिवळीवाल्या प्रत्येक ड्रायव्हरच्या सीटमागं खिळ्याला एक जास्तीचा फॅनबेल्ट टांगलेला असतो. रस्त्यात तुटला की बॉनेट उघडायचं, चढवायचा, निघायचं. सीटांना खाली उतरून बिडी ओढायला तेवढाच वेळ मिळतो. आबांच्या डोक्यात पट्टा म्हणजे तेवढंच. मी सांगितलं की हा पट्टा बाहेर नसतो, इंजिनाच्या बाजूला झाकणाआड असतो, इंजिनाचा खालचा भाग आणि वरचा भाग यांची वेळ तो जुळवतो. त्याच्यासोबत त्याला ताणून धरणारा टेन्शनर, रोलर आणि वॉटर पंप पण बदलायचा. आबा "हां, हां" म्हणत राहिले. शेवटी म्हणाले, "बरं. जालन्याला गेलो की टाकून आणतो." मी पैसे दिले आणि जाफराबादला निघून गेले.

दोन-चार दिवसांनी फोन केला.

"झालं का पट्ट्याचं?"

"झालं. टाकला. आवाज बी कमी झाला गाडीचा."

मी त्या दिवशी वर्गात नेहमीपेक्षा बरं शिकवलं असेल. मनावरचं ओझं उतरलं होतं.

पंधरा दिवसांनी शनिवारी घरी गेले. मायनं बाळंतविड्याची पिशवी भरून ठेवली होती. दुपटी, टोपरी, जुन्या मऊ लुगड्यांचे तुकडे. म्हणाली, "डिकीत ठेवून दे, ऐनवेळी इसरतं." मी डिकी उघडली, पिशवी बसेना म्हणून स्टेपनीजवळचा पाना-जॅक सरकवला. त्याच्यामागं एक खोका होता. नवा कोरा, चिकटपट्टी सुद्धा न काढलेली. वर पट्ट्याचं चित्र.

मी तो खोका घेऊन ओट्यावर गेले. आबा सुपारी कातरत बसले होते.

"आबा, हे काय हाय?"

"पट्टा."

"टाकला म्हणाले होते ना तुम्ही?"

"आणला न्हाई का? तुटला की टाकू. जुना चालून राह्यला तवर नवा कशाला झिजवायचा?"

"आन आवाज कमी झाला म्हणत होते?"

अडकित्ता थांबला नाही. "तुला बरं वाटावं म्हणून म्हटलं."

हा खोका स्टेपनीमागं ठेवून आबा धाकटीला जालन्याला तपासणीला नेऊन आणत होते. त्या पायाळू बाळाला घेऊन. नवा पट्टा डिकीत, जुना इंजिनात, आणि खोटं फोनवर. पट्टा न बदलल्याचा राग होताच. पण "आवाज बी कमी झाला" हे वाक्य माझ्या जिव्हारी लागलं. माहीत नसलेल्या माणसाची चूक मी समजू शकते. हे वाक्य चूक नव्हतं. ते नीट बनवलेलं होतं.

"तुम्ही माझ्याशी खोटं बोलले."

"ओरडू नको. लोक ऐकून राह्यले."

"ऐकू द्या. सगळ्या धावड्याला ऐकू द्या. पट्टा तुटला की टाकू म्हणता, टाकणार कशात? इंजन ऱ्हाईन का तवर?"

माय आतून आली. तिनं विचारलं, "पण तुटला तर होतं काय एवढं?" हा प्रश्न आबांनी एकदाही विचारला नव्हता.

मी तिला म्हणाले, "तू आन काकू एका उखळात मिरची कांडता का न्हाई? तुझं मुसळ खाली तवा तिचं वर. तिचं खाली तवा तुझं वर."

"बराबर."

"तो ताल कोण धरतं?"

"आमचं आम्हीच धरतो. तोंडानं हुं म्हणतो."

"इंजनात हुं म्हणायला कोणी न्हाई. तिथं हा पट्टा ताल धरतो. खालून पिस्टन येतो, वरून व्हॉल्व्ह येतात. एक आला की दुसऱ्यानं बाजूला व्हायचं. पट्टा तुटला की..."

"मुसळाला मुसळ," माय म्हणाली.

"लोखंडाची. पळत्या गाडीत. समदं वाकडं होतं, आन गाडी जिथं हाय तिथं उभी. ट्यूब बांधून न्हाई चालत."

माय आबांकडं वळली. "ऐकलं का?"

"ऐकलं. जीपला असलं काही नव्हतं."

"जीपला पट्ट्याच्या जागी दात्यांचे गिअर व्हते, आबा. ही जीप न्हाई."

आबांनी सुपारी तोंडात टाकली आणि आतापर्यंत राखून ठेवलेलं बोलले. "आन गाडी खोलून ठेवली, आन त्याच दिशी हिला कळा लागल्या तर? खोललेल्या गाडीत बसवून नेशीन का? मी आजवर खोललेली गाडी सांगितल्या दिवशी जुळलेली पाहिली न्हाई. आज देतो, उद्या देतो. पार्ट आला न्हाई, मिस्त्री गावाला गेल्ता. तवर काय करायचं?"

हे ऐकून मी जास्तच चिडले. बापाचं म्हणणं साफ चुकीचं असतं तर भांडायला सोपं गेलं असतं.

"मला विचारा की कोणीतरी," धाकटी दारातून म्हणाली. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात शेंगदाणे. "पोट माझं हाय. मी त्या गाडीत आता बसत न्हाई. एसटीनं जाते. बायांना अर्धं तिकीट हाय, पोटातलं फुकट."

"गप बस," आबा म्हणाले.

"गपच होते. तुमचं खोटं ऐकून दोनदा जाऊन आले तवर."

तोडगा मायनंच काढला, आणि तोही भांडी घासता घासता. "सोमवारी तपासणीला बोलवलंय ना? गाडी बी जालन्याला, पोरगी बी जालन्याला. ती दवाखान्यात, गाडी गॅरेजात. कळा लागल्या तर लागल्या, दवाखाना तिथंच हाय. यात एवढं गाव गोळा करायसारखं काय हाय?"

सोमवारी मी रजा टाकली. आबांनी गाडी काढली. धाकटी मागं मायच्या खांद्यावर डोकं टेकून. ओव्हरटेक करायला त्यांनी ॲक्सिलेटर दाबला की मी दाराची मूठ घट्ट धरायची. त्यांनाही ते दिसत होतं, कारण राजूरच्या पुढं ते एका ट्रॅक्टरच्या मागं मुकाट चालवत राहिले. एरवी आबा ट्रॅक्टरच्या मागं राहणारे नव्हेत.

दोघींना दवाखान्यात सोडून आम्ही गॅरेजला गेलो. मिस्त्रीनं बॉनेट वर केलं आणि आबांना विचारलं, "काका, पट्टाच टाकू ना? बाकीचं चालू हाय."

"पट्टाच टाक," आबा म्हणाले.

"सगळं टाकायचंय," मी म्हणाले. "पट्टा, टेन्शनर, रोलर, वॉटर पंप. ऑइल सील गळत असंल तर तो पण."

मिस्त्री आबांकडंच बघत होता. "पंप गळून न्हाई राह्यला, काका. उगं खर्चा कशाला?"

"गाडी कोणाच्या नावावर हाय, विचारलं का तुम्ही?"

"काकांच्या असंल की."

"माझ्या हाय. इकडं बघून बोला. तो पंप ह्याच पट्ट्यावर फिरतो ना?"

"फिरतो."

"उद्या पंपाची बेअरिंग जाम झाली तर नवा पट्टा कापून काढीन ना ती?"

"काढू शकती."

"आन तवा पंप बदलायला परत हे समदं खोलावं लागंल ना?"

"लागंल."

"मंग एकदाच खोला."

तो पाना पुसत म्हणाला, "टीचर हाय का?"

"हो."

"वाटलंच."

चांगला कारागीर होता, हात स्वच्छ चालत होता. पण बाईनं काम सांगितलं की ते आधी पुरुषाकडून पक्कं करून घ्यायचं, ही त्याची सवय. नटाचं माप काय हवं हेसुद्धा तो आबांकडं बघून बोलायचा. मी स्टूल ओढलं आणि इंजिनासमोर बसले. पट्टा आणला आणि टाकला यातला फरक मला त्या दिवशी डोळ्यांनी बघायचा होता.

इंजिनाखाली जॅक लावला, एका बाजूचा आधार काढला, झाकण निघालं. आत तो पट्टा होता. काळा, दातांचा, पूर्ण. मिस्त्रीनं तो उतरवला, उलटा वाकवून बघितला. वाकवल्यावर दातांच्या मुळाशी बारीक चिरा दिसत होत्या, एरवी काही नाही. तो म्हणाला, "अजून चालला असता थोडा."

आबांनी माझ्याकडं पाहिलं.

ती नजर मी कधी विसरणार नाही. पट्टा फाटका निघाला असता, अर्धे दात गळून हातात आले असते, तर आबा मान खाली घालून उभे राहिले असते आणि मी जिंकले असते. पण वेळेवर केलेल्या कामाचं हेच दुखणं आहे. त्याला पुरावा नसतो. आमच्याकडं दसऱ्याला गाडी धुतात, हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, त्याला कोणी पुरावा मागत नाही. पुरावा मागतात फक्त पाना लावायच्या वेळी.

"थोडा म्हंजे किती?" मी मिस्त्रीला विचारलं.

"ते कसं सांगता येईल, मॅडम?"

"हेच म्हणते मी. सांगता येत न्हाई."

मिस्त्री पार्ट आणायला गेला. आबा बाकावर चहा घेऊन बसले. मी समोर जाऊन उभी राहिले. दोन दिवस दाबून ठेवलेलं तिथं बाहेर आलं, ग्रीसच्या वासात, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर.

"मालकापासून लपवायचे तसं लपवलं तुम्ही माझ्यापासून. टेप मोठा केला तुम्ही माझ्यासमोर."

आबा चहा ढवळत राहिले. त्यात ढवळायला काही नव्हतं.

"मी मालक हाय का तुमची?"

"गाडी तुझी हाय. मी चालवणारा," ते म्हणाले. "खरं सांगितलं की गाडी गॅरेजात जाती आन डायवर घरी बसतो. मला दुसरं माहीत न्हाई."

"मी तुम्हाला घरी बसवणार व्हते?"

"तू म्हटली न्हाई. पण गाडी एकदा खोलली की तेच होतं. परत नीट चालली न्हाई तर तूच म्हणणार, आबाला कळत न्हाई आता, दुसरा कोणी बघू."

हे ऐकून माझा राग निवायला हवा होता, असं वाचणाऱ्याला वाटेल. नाही निवला. उलट भडकला, फक्त त्याचं तोंड मालकाकडं फिरलं. ज्या माणसानं माझ्या बापाला ऐन दिवाळीत ओट्यावर बसवलं, त्याचा नियम माझा बाप माझ्या गाडीत घेऊन फिरत होता. मालक कधीच सुटून गेला होता, जीप भंगारात गेली होती, पण तो नियम आबांनी जपून ठेवला होता. आणि त्या नियमावर ते आपली लेक आणि नातवंड बसवून नेत होते.

"आबा, चालत्या गाडीला पाना लावायचा न्हाई, हे तुमचं न्हाई. हे त्याचं हाय. त्याचं पोट भरलेलं व्हतं म्हणून त्याला परवडत व्हतं. आपल्याला त्यानं उपाशी मारलं."

बाजूला स्कूटर दुरुस्त करून घेणारा एक माणूस आमच्याकडं बघत होता. आबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "साखर कमी हाय ह्याच्यात."

एवढंच. चूक झाली, असं ते म्हणाले नाहीत. आजपर्यंत म्हणालेले नाहीत. मी पण सोडून दिलेलं नाही.

दुपार कलली तेव्हा मिस्त्रीनं नवा पंप बसवला, दातेरी चाकांवरच्या खुणा जुळवून पट्टा चढवला, टेन्शनर लावला आणि स्टार्टर न मारता पान्यानं इंजिन हातानं फिरवलं. एकदा, दोनदा, खुणा परत जागेवर येतात का बघायला. मी त्याला खुणा परत दाखवायला लावल्या. त्यानं दाखवल्या, या वेळी माझ्याकडं बघून. मग कूलंट भरलं, झाकण बसलं, आधार बसला आणि चावी फिरली.

आबा बाकावरून उठले नाहीत, पण मान एका बाजूला झुकली. तसं ते फक्त इंजिन ऐकताना करतात. "रेस दे," ते लांबूनच म्हणाले. मिस्त्रीनं दिली. "सोड. परत दे." मग मान सरळ झाली. "हां. बराबर हाय."

निघताना त्यांनी जुना पट्टा मिस्त्रीकडून मागून घेतला, गोल गुंडाळला आणि सीटखाली सरकवला.

"हे कशाला?"

"असू दे. वेळेला कामाला येतो."

मी वाकले, पट्टा काढला आणि गॅरेजच्या भंगाराच्या ड्रममध्ये टाकला. गाडी मी चालवली. दवाखान्यापर्यंत ते शेजारी बसून रिकाम्या पायानं ब्रेक दाबत होते.

दवाखान्यात धाकटी बाकावर बसून केळी खात होती. "जुळली का?" तिनं विचारलं.

"जुळली," आबा म्हणाले. "त्याच दिशी."

कळा आल्या त्या सिझरच्या तारखेच्या आधीच, एका सकाळी. मी वर्गात होते, फळ्यावर आकृती अर्धी काढलेली होती. मायचा फोन आला, "निघालो." मी फळा तसाच सोडला, जाफराबादहून मिळाली त्या जीपमध्ये बसले, पुढं एसटी धरली. जालन्याला पोचले तेव्हा ते लोक कधीच पोचले होते आणि धाकटीला आत घेतलं होतं. आबा बाहेर गाडीजवळ उभे होते. बॉनेट उघडलेलं नव्हतं. मी विचारलं, "वाटेत?" ते म्हणाले, "काही न्हाई." यापेक्षा जास्त मला ऐकायचं नव्हतं.

बारशाला काकू म्हणाली, "नशीब बाई. देवानं सांभाळलं. गाडीनं दगा दिला न्हाई."

मी म्हणाले, "काकू, दगा देणार व्हती, म्हणून तिला आधीच खोलली." काकू हसली. तिला वाटलं मी गंमत केली. शेजारी आबा पाहुण्यांना सांगत होते की पोरीनं उगं खर्चा केला, जुना पट्टा चांगला होता, मिस्त्री पण तेच म्हणत होता. माझ्या हातातली घुगऱ्यांची वाटी मी त्यांच्यापुढं जरा जोरातच ठेवली.

चिडते मी अजून. देवाचे आभार मानतात, नशिबाचे मानतात, डॉक्टरीणबाईंचे मानतात, ते मानावेत. पण ज्या कामानं काहीच घडू दिलं नाही, त्याचं नाव आमच्या घरात कोणी घेत नाही. म्हणून मी लिहून ठेवते आहे. माझी बहीण पहिल्या कळेला धावड्याहून निघाली आणि वाटेत कुठंही न थांबता जालन्याच्या दवाखान्यात पोचली. तिला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.